गोडी मारणारे पान

अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, इतिहासात १९२६ हे साल भंडारदऱ्याच्या धरणाचे साल म्हणून ओळखले जाते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्या डिसेंबरात धरणाचे उद्घाटन केले. त्यांचेच नाव धरणाला मिळाले आणि प्रवरेचे अडवलेले पाणी कालव्यांतून खालच्या काळ्या जमिनीत उतरू लागले. ऊस वाढला, गुऱ्हाळे वाढली. हरिगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना त्याच दशकातला. पुढे १९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि साखरेचा जिल्हा ही नगरची ओळख पक्की झाली.

त्याच १९२६ साली 'इंडियन मेडिकल गॅझेट' या वैद्यकीय मासिकात के. जी. घारपुरे या आय.एम.एस. (इंडियन मेडिकल सर्व्हिस) मधल्या मराठी डॉक्टरांचे एक टिपण छापून आले. मधुमेहावर एका रानवेलीच्या पानांचा उपयोग हा त्याचा विषय. घारपुऱ्यांचे नाव आज लोकांना आठवते ते भारतातल्या सापांवरच्या त्यांच्या पुस्तकामुळे. साप आणि साखर हे दोन्ही विषय एकाच वेलीभोवती कसे फिरले, आणि दुसऱ्या एका मराठी डॉक्टराने व एका फ्रेंच पाद्र्याने परळच्या प्रयोगशाळेत बसून त्यांचा निकाल कसा लावला, त्याची ही हकिगत आहे. आपल्या जिल्ह्यातल्या फार्मसी कॉलेजांत दर वर्षी कितीतरी पानांचे अर्क काढून तपासले जातात. त्या कामाचे हे आजोबा-पणजोबा आहेत, पण कॉलेजांत त्यांची नावे क्वचितच ऐकू येतात.

वेलीला कुणी गुडमार म्हणतात, कुणी मधुनाशिनी, कुणी कावळी, तर कुणी बेडकी. झाडपाल्याच्या दुकानात 'बेडकीचा पाला' मागितला तरी चालते. रुईच्या कुळातली ही वेल दख्खनच्या झुडपी रानात आणि सह्याद्रीत झाडांवर चढते. तिची पाने समोरासमोर येतात, लांबट गोल असतात, हाताला मऊ लवेदार लागतात. फुले बारीक पिवळी, झुबक्यांनी येणारी. रानात ती डोळ्यांत भरत नाही. तिचा खरा गुण पान चघळल्यावर कळतो. पान बारीक चावून तोंडात घोळवावे, थुंकून टाकावे आणि मग चिमूटभर साखर जिभेवर ठेवावी. साखर वाळूसारखी लागते. खडे जाणवतात, गोडी मुळीच जाणवत नाही.

युरोपीय विज्ञानाच्या दप्तरात ही गोष्ट १८४७ च्या सुमारास गेली. पॅकेनहॅम एजवर्थ या सनदी अधिकाऱ्याने, जो हौसेने वनस्पतींचा अभ्यास करी, लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवले की या पानाने जिभेची गोडी ओळखण्याची शक्ती जाते. चहात साखर घातली तरी ती कळत नाही. पुढे चाळीस वर्षे हे एक नवल म्हणूनच राहिले. मग १८८७ मध्ये उटकमंडला मद्रास सरकारच्या नोकरीत असलेले डेव्हिड हूपर यांनी पान हातात घेतले. हूपर यांचे रोजचे काम सिंकोनाच्या सालीतले क्विनीन मोजण्याचे, म्हणजे कडूपणाशी त्यांचा संबंध नेहमीचाच. त्यांनी स्वतः पाने चघळली आणि एकेक पदार्थ खाऊन पाहिला. गोड संत्रे खाल्ले तर फक्त आंबट लागले. आल्याचा गोड केक खाल्ला तर आल्याचा तिखटपणा आणि पिठाची बेचव तेवढी उरली. परिणाम चोवीस तास टिकतो असे लोक सांगत. हूपर यांच्या जिभेवर तो एक-दोन तासांत ओसरला. मग त्यांनी पानातून ते द्रव्य वेगळे काढले, त्याला जिम्नेमिक आम्ल असे नाव दिले आणि पानात ते सुमारे ६ टक्के असल्याचे मांडले. ते एकच द्रव्य नसून अनेक संयुगांचा समूह आहे, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

मला हूपर यांचा हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. लोक चोवीस तास म्हणतात, मी घड्याळ लावून पाहतो, ही वृत्ती त्यात आहे. मुंबईचे विल्यम डायमॉक, वॉर्डन आणि हूपर या तिघांनी १८९० ते १८९३ या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ छापला, त्यात या वेलीची नोंद आहे. त्या काळच्या ग्रंथांत तिच्या मुळाचा एक वेगळाच उपयोग सांगितलेला सापडतो. साप चावल्यास मुळाची पूड जखमेवर लावावी आणि काढा पोटात द्यावा. म्हणजे पान साखरेवर आणि मूळ सर्पदंशावर. एकाच वेलीचे हे दोन दावे पुढे एकाच टेबलावर तपासले जाणार होते.

तोवर नगरमध्ये एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. १९१७ साली वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी येथे आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले. गुरूच्या घरी राहून शिकायची विद्या त्यांनी वर्गात, अभ्यासक्रमात आणि परीक्षेत आणली. औषधींचे गुणधर्म सांगणारा त्यांचा मराठी ग्रंथ अनेक भागांत निघाला आणि तो वैद्यांच्या घरोघरी पोचला. महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने चालते. नगरच्या या खटपटीच्या मागे त्या काळाचा एक मोठा प्रश्न उभा होता. आपली औषधे खरी आहेत हे कुणापुढे आणि कोणत्या मापाने सिद्ध करायचे? वैद्यांना शास्त्राचा आणि अनुभवाचा आधार पुरेसा वाटे, सरकारी डॉक्टरांना तो पुरेसा वाटत नसे. दोन्ही बाजूंना मान्य होईल असे माप हातात आले ते मधुमेहाच्या बाबतीत, आणि तेही अचानक.

टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्शुलिन काढले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले आणि पुढल्याच वर्षी नोबेल जाहीर झाले. त्याच्या थोडे आधी, १९२० मध्ये, फोलिन आणि वू यांनी थोड्या रक्तातून साखर मोजण्याची सोपी रीत बसवली होती. त्याआधी मधुमेहाचे औषध लागू पडले की नाही हे लघवीवरून ठरे. लघवीतली साखर रोग्याने दोन दिवस भात सोडला तरी कमी होते, मग गुण औषधाचा की उपासाचा, हा वाद मिटायचा नाही. आता रक्तातला आकडा काढता येऊ लागला. औषध देण्याआधी किती, एक तासाने किती, चार तासांनी किती, हे कागदावर उतरवता येऊ लागले. इन्शुलिन परदेशातून यायचे, महाग पडायचे आणि सुईशिवाय घेता यायचे नाही. अशा वेळी आपल्या रानातल्या पानाने तेच काम होते का, हा प्रश्न कुणाही देशी डॉक्टरच्या मनात येणे अगदी साहजिक होते. घारपुऱ्यांचे टिपण त्या हवेत लिहिले गेले.

पहिली मोठी चाचणी कलकत्त्यात झाली. तिथल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा देशी औषधांची शिस्तीने तपासणी करत होते. त्यांनी बोस आणि चॅटर्जी यांच्याबरोबर या पानावर काम केले आणि १९२८ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये निकाल छापला. पानाचा मधुमेहावर उपयोग दिसला नाही. चोप्रा देशी औषधांचे विरोधक नव्हते. त्यांनी आयुष्यच त्या कामाला वाहिले, १९३३ चा त्यांचा देशी औषधांवरचा ग्रंथ आजही संदर्भाला घेतात, आणि १९४६ मध्ये देशी वैद्यकाविषयी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. म्हणून त्यांच्या 'नाही'ला वजन होते.

दोनच वर्षांनी मुंबईहून 'होय' असे उत्तर आले.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा होती. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत लस तयार करून ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. १९२५ मध्ये या संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले. तिथल्या औषधिविज्ञान विभागात डॉ. के. एस. म्हसकर आणि फादर जाँ फर्दिनाँ कायस एकत्र काम करत. कायस फ्रेंच जेझुइट पाद्री आणि रसायनशास्त्राचे जाणकार. या दोघांची जोडी मुंबईत जमली असे नाही, ती मद्रास इलाख्यातल्या अंकुशकृमीच्या चौकशीत जमली. १९१९ पासून पुढची काही वर्षे त्यांनी एक लांबलचक लेखमाला छापली. कृमीवरच्या औषधाची रासायनिक घडण आणि त्याचा प्रत्यक्ष गुण यांचा संबंध काय, हा तिचा विषय होता. वावडिंग, पळसाचे बी अशा आपल्या घरगुती कृमिनाशकांचीही त्यांनी तपासणी केली.

जंतांच्या औषधांची परीक्षा तेव्हा अशी होई. रोग्याला औषध द्यायचे, पडलेले जंत धुऊन मोजायचे, मग खात्रीचे दुसरे औषध देऊन पोटात उरलेले बाहेर काढायचे आणि तेही मोजायचे. शंभरातले किती गेले हा आकडा म्हणजे औषधाची किंमत. काम किळसवाणे आणि कष्टाचे आहे, पण त्यात शब्दांचा आधार घेता येत नाही. मुंबईत आल्यावर दोघांनी तीच सवय रानपाल्याला लावली.

त्यांचा गुडमारवरचा प्रबंध १९३० साली 'इंडियन मेडिकल रिसर्च मेमॉयर्स' या मालेचा १६ वा अंक म्हणून निघाला. पानाच्या तपासणीची साधारण रीत आजही तीच आहे. पाने वेळेवर तोडायची, सावलीत वाळवायची, कुटून पूड करायची. पाण्यात किंवा मद्यार्कात पुन्हा पुन्हा उकळून सत्त्व बाहेर काढायचे आणि द्रावक उडवून गाळ घट्ट करायचा. मग उपाशी ठेवलेल्या जनावराच्या रक्तातली साखर मोजायची, अर्क द्यायचा, ठरावीक अंतराने पुन्हा मोजायची. दुसऱ्या जनावराला नुसते पाणी देऊन तेच करायचे. या दुसऱ्या जनावरात सगळी कळ आहे. ते नसेल तर उपासाने घटलेली साखर औषधाच्या नावावर चढते.

म्हसकर आणि कायस यांना दिसले की अर्क तोंडाने दिला काय किंवा टोचला काय, जनावराच्या रक्तातली साखर लवकरच उतरते. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. साखर का उतरते याचा माग त्यांनी घेतला. पानाचा साखरेच्या चयापचयावर थेट परिणाम होतो असे त्यांना आढळले नाही. म्हणून त्यांनी अनुमान काढले की पान स्वादुपिंडाला चेतवते आणि त्यातून जास्त इन्शुलिन बाहेर पडते. याशिवाय हृदय आणि रक्ताभिसरण यांना उत्तेजन मिळणे, लघवी वाढणे, गर्भाशयावर परिणाम होणे याही गोष्टी नोंदल्या गेल्या. 'वेल्थ ऑफ इंडिया' या सरकारी कोशाच्या १९५६ च्या खंडात हे निष्कर्ष आले आणि तिथून ते पाठ्यपुस्तकांत गेले. पानाच्या गुणाबरोबर गर्भाशयाचा इशाराही तिथे आहे. बाजारातल्या गुडमारच्या डबीवर पहिली गोष्ट ठळक असते, दुसरी नसते.

चोप्रांना जे दिसले नाही ते मुंबईला कसे दिसले? एका बाजूला धडधाकट स्वादुपिंड असलेली जनावरे, दुसऱ्या बाजूला ज्यांचे स्वादुपिंड थकले आहे असे रोगी, एवढा फरकही निकाल उलटा करायला पुरतो. पान जर स्वादुपिंडाकडूनच काम करून घेत असेल तर जिथे स्वादुपिंडच संपले तिथे ते काय करणार? शिवाय पान कोणत्या मातीतले, कोणत्या महिन्यात तोडलेले, किती जुने, पाण्यात काढलेले की मद्यार्कात, यावर अर्क बदलतो. माझ्या मते हा मतभेद या सगळ्या कहाणीतला सर्वांत कसदार भाग आहे. दोन चांगल्या प्रयोगशाळा, एकच पान, दोन निकाल, आणि दोन्ही छापून लोकांपुढे. कुणी कुणाचे लपवले नाही.

आता सापाकडे वळू.

हाफकिनमध्ये हेच दोघे एक फार मोठे काम अंगावर घेऊन बसले होते. सर्पदंशावर म्हणून देशभर जी जी वनस्पती सांगितली जाते ती मिळवायची आणि विषाविरुद्ध लावून पाहायची. ग्रंथांतून, वैद्यांकडून, गावोगावच्या जाणकारांकडून नावे गोळा झाली. १९३१ साली मेमॉयर्सच्या १९ व्या अंकात निकाल आला. ३१४ वनस्पती आणि १८४ मिश्रणे तपासली गेली होती. विषाला आधीच अडवणारी, विष निकामी करणारी किंवा विष चढल्यावर प्राण वाचवणारी एकही निघाली नाही. १९३२ मध्ये विंचवाच्या दंशावरच्या वनस्पतींचेही असेच झाले.

३१४ चा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एवढ्या वनस्पती ओळखून गोळा करणे, प्रत्येकीचा योग्य भाग वाळवणे, काढा करणे, विषाची नेमकी मात्रा ठरवणे आणि दर वेळी हाती काहीच न लागता पुढच्या नावाकडे वळणे. पन्नासाव्या वनस्पतीला कोणाचाही धीर सुटला असता. एखादी थोडीशी आशादायक दाखवून प्रबंध गोड करणे सोपे होते. दोघांनी तसे केले नाही. ज्या गुडमारच्या पानाला त्यांनी वर्षभरापूर्वी मधुमेहात गुणकारी म्हटले होते, त्याच वेलीला सर्पदंशात त्यांनी निरुपयोगी ठरवले. त्यांच्या 'होय'वर माझा विश्वास बसतो तो या 'नाही'मुळे.

लोकांचा अनुभव खोटा होता का? नाही, पण तो अपुरा होता. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी कधी चावताना विष सोडत नाही. अशा माणसाला कोणताही पाला दिला तरी तो वाचतो आणि पाल्याला यश मिळते. गावात वाचलेला माणूस सांगायला असतो, गेलेला नसतो. नगरच्या उसाच्या पट्ट्यात रात्रीची वीज आली की शेतकरी अंधारात बारे द्यायला जातो आणि घोणस-नागाशी गाठ पडते ती तिथेच. साप चावलेल्याला कडुनिंबाचा पाला किंवा मिरची चावायला देऊन चव लागते का पाहायचे, देवळात नेऊन बसवायचे, या रीती आपण सगळ्यांनी ऐकल्या-पाहिल्या आहेत. त्यात जाणारा एकेक तास जिवावर बेततो. देशात २००० ते २०१९ या काळात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. परळच्या प्रयोगशाळेने पाल्याविषयीचे उत्तर १९३१ मध्येच देऊन ठेवले होते. ते गावापर्यंत पोचवण्याचे काम पुढे नीट झाले नाही, याची मला खंत वाटते.

उत्तर विद्वानांपर्यंत मात्र पोचले, आणि तेही एका मराठी माणसाच्या ग्रंथातून. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आय.एम.एस. मधले डॉक्टर, वनस्पतींचे गाढे अभ्यासक आणि मराठीत कविता लिहिणारे. बामनदास बसू यांच्याबरोबर त्यांनी भारतीय औषधी वनस्पतींचा महाग्रंथ रचला. तो अलाहाबादेहून १९१८ साली निघाला, पण कीर्तिकर १९१७ मध्येच गेले होते. १९३३ पासून त्याची दुसरी आवृत्ती निघू लागली. ती सुधारून वाढवण्याचे काम तिघांनी केले. सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट वनस्पतितज्ज्ञ एथलबर्ट ब्लाटर आणि हाफकिनची आपली जोडी, कायस आणि म्हसकर. या आवृत्तीचे कोणतेही पान उघडा. वनस्पतीचे वर्णन येते, संस्कृत ग्रंथांतले गुण येतात, गावोगावचे उपयोग येतात, आणि जिथे सर्पदंशाचा किंवा विंचवाचा उल्लेख असेल तिथे शेवटी एक लहानसे वाक्य येते, की या कामी ही वनस्पती निरुपयोगी आहे. कंसात दोन नावे, म्हसकर आणि कायस. पानामागून पान ते वाक्य परत परत भेटते. परंपरेची नोंद पूर्ण आदराने घ्यायची आणि तिच्याखाली परीक्षेचा निकाल लिहायचा, ही रीत मला आजही अनुकरण करण्याजोगी वाटते. आज वनस्पतींच्या उपयोगांच्या ज्या याद्या फिरतात त्यांत उपयोग पूर्ण उतरवून घेतलेला असतो आणि ते शेवटचे वाक्य गळालेले असते.

गुडमारच्या पानाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. सहा दशकांनी, १९९० साली, मद्रास विद्यापीठातल्या षण्मुगसुंदरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पानाच्या अर्काची रोज ४०० मिलिग्रॅम मात्रा माणसांना देऊन पाहिली. इन्शुलिनवर असलेल्या २७ रोग्यांची इन्शुलिनची गरज कमी झाली. गोळ्यांवर असलेल्या २२ रोग्यांना दीड वर्षाहून अधिक काळ अर्क दिला, त्यांतल्या ५ जणांच्या गोळ्या सुटल्या. आकडे उत्साह वाढवणारे आहेत. पण खरे औषध आणि हुबेहूब तसेच दिसणारे खोटे औषध, कुणाला कोणते दिले हे रोग्यालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही माहीत नाही, अशी कडक चाचणी ती नव्हती. १९९९ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या पेशींवर हाच अर्क ओतला. इन्शुलिन खरोखर बाहेर पडले, म्हणजे १९३० च्या अनुमानाला आधार मिळाला. पण ते पडले कारण अर्कातल्या फेसाळ द्रव्यांनी पेशींच्या भिंतीच सैल केल्या होत्या. भिंत सैल होऊन गळणे आणि पेशीने आपणहून इन्शुलिन सोडणे यांत पुष्कळ अंतर आहे. पुढे २०१० मध्ये वेगळ्या रीतीने काढलेल्या अर्काने पेशींना इजा न होता इन्शुलिन वाढल्याचे आणि मधुमेहाच्या थोड्या रोग्यांत फायदा झाल्याचे छापून आले. त्याच वर्षी गुडमार घेणाऱ्या एका रोग्याच्या यकृताला सूज आल्याची नोंदही झाली. जिभेचे कोडे मात्र चांगले सुटले आहे. गोडी ओळखणाऱ्या ग्राहकाच्या (रिसेप्टरच्या) एका भागाला जिम्नेमिक आम्ल चिकटते हे २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. हूपर यांचे संत्रे आंबट का लागले, याचे उत्तर तिथे मिळते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. नगर, लोणी, संगमनेर, कोपरगाव इथे फार्मसीची कॉलेजे आहेत. राहुरीला १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. मुले शेवटच्या वर्षी प्रकल्पाला एखादी वनस्पती निवडतात. अडुळसा, तुळस, कडुनिंब, शेवगा, गुडमार. पाने वाळवून सॉक्स्लेटच्या उपकरणात अर्क काढतात. डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब टाकले की रंग पिवळा पडतो. जितका पिवळा तितका अर्क ऑक्सिडीकरणाला विरोध करणारा. काचेच्या बशीत जंतू वाढवून मध्ये अर्क ठेवला की भोवती मोकळे वर्तुळ पडते, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. मुलांच्या डोळ्यांत ते वर्तुळ पाहताना जो आनंद असतो तो खरा असतो आणि तो जपायला हवा. पण जांभळ्याचा पिवळा कोणत्याही हिरव्या पानाने कमी-अधिक होतोच, अगदी चहानेही. बशीतले जंतू मेले म्हणजे माणसाच्या रक्तात मरतील असे नाही. पोटातले आम्ल, यकृत आणि मात्रा यांच्यातून वाट काढून अर्क रक्तापर्यंत पोचतो का, हा सगळा प्रवास बशीबाहेर राहतो. शेवटी प्रकल्पाच्या निष्कर्षात एकच वाक्य येते, वनस्पती गुणकारी आहे. ज्यात काही सापडले नाही असा प्रकल्प माझ्या पाहण्यात येत नाही. मुलांना तसे लिहिण्याची भीती वाटत असावी, आणि तो दोष मुलांचा नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर पान कुठले, कोणत्या गावच्या शिवारातले, कोणत्या महिन्यात तोडलेले, ते कोणी ओळखून दिले आणि त्याचा वाळवलेला नमुना कुठे जपून ठेवला आहे हे लिहायला लावा. नुसते द्रावक वापरलेली बशी शेजारी ठेवायला लावा. वर्तुळ पडले नाही तर 'वर्तुळ पडले नाही' असे लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या. सर्पदंशावरचा तो प्रबंध एकदा वर्गात वाचून दाखवा, निदान त्यातली वनस्पतींची यादी.

आणि वाचकांना एवढेच सांगायचे आहे. घरात कुणी मधुमेहासाठी गुडमारची पूड किंवा गोळी घेत असेल तर डॉक्टरांना ते सांगा. गोळ्या चालू असताना त्यात या पानाची भर पडली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर बाईला ते देऊ नका. इन्शुलिन कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. साप चावला तर पाला, दोरी, देऊळ यांत वेळ न घालवता चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करा आणि जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. सर्पविषावरचे प्रतिविष तिथे मोफत मिळते.